कमोडच्या बुडाशी पाणी दिसतंय? फरशी फोडण्याआधी हे तपासा



आजचा विषय प्लंबिंगचा स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, पण लॉज, मंगल कार्यालय किंवा भाड्याच्या खोल्या सांभाळणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा. इंदिरानगर असो, सिडको असो की नाशिकरोड, फोन एकच येतो: "दादा, कमोडच्या खालून पाणी येतंय, जरा बघून जा." आपण जातो, बघतो, खिशातून सिलिकॉनची ट्यूब काढतो, बुडाभोवती गोल फिरवतो आणि पैसे घेऊन निघतो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या छताला ओल येते.

म्हणून पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा: पाणी जिथे दिसतं तिथूनच ते निघालेलं असतं असं नाही. कमोडचं बूड ही बाथरूममधली खालची जागा. वरच्या प्रत्येक जोडाचं पाणी ओघळून तिथेच येतं. सिलिकॉनने ते दिसायचं बंद होतं, गळायचं बंद होत नाही. उलट बाहेर येणारं पाणी आता आत, संकन स्लॅबच्या भरावात जातं.

साधा हिशोब करा. समजा प्रत्येक फ्लशला फक्त ५० मिली पाणी जोडातून निसटतं. घरात दिवसाला २० वेळा फ्लश होतो. म्हणजे दिवसाला १ लिटर, महिन्याला ३० लिटर. वर सगळं कोरडं दिसतंय आणि कोब्याखाली दीड बादली पाणी मुरतंय, तेही मैलापाणी.

जाताना पिशवीत काय हवं

महागडं मशीन लागत नाही. हातमोजे, कोरडी फडकी, टिश्यू पेपरचा रोल, खाण्याचा रंग, मार्कर पेन, छोटा आरसा, मोबाईलचा टॉर्च. बादली घरातलीच चालते. रंग मात्र खाण्याचाच घ्या. रंगपंचमीला रहाडीत उतरणाऱ्या नाशिककरांना पक्का रंग कसा चिकटतो हे वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या फरशीवर डाग पडला तर त्याचंच बिल तुमच्या नावावर फाटेल.

आधी विचारा, मग वाका

गुडघ्यावर बसण्याआधी घरातल्या माणसाला चार प्रश्न विचारा.

१. पाणी सतत असतं की फक्त फ्लशनंतर?
२. आंघोळीनंतर जास्त दिसतं का?
३. पाण्याला वास येतो का, रंग कसा आहे?
४. हल्ली कमोड बदललाय, फरशी केलीय किंवा लाइन चोकअप झालीय का?

फक्त फ्लशनंतर येत असेल तर फ्लशचा रस्ता तपासायचा. चोवीस तास येत असेल तर प्रेशरची लाइन, टाकी किंवा भांड्याची चीर. आंघोळीनंतर येत असेल तर कमोडचा संबंध नसण्याचीही शक्यता आहे. वास येत असेल तर आउटलेटचा जोड किंवा ड्रेनेज. पण नुसत्या उत्तरांवर काम धरू नका. खात्री तपासणीनेच होते.

सात तपासण्या, याच क्रमाने

क्रम असा लावलाय की बिनखर्चाची तपासणी आधी आणि कमोड उचलायची वेळ सगळ्यात शेवटी.

१. सगळं कोरडं करा. टाकी, भांडं, मागची भिंत, बुडाभोवतीची फरशी पुसून घ्या. बुडाभोवती टिश्यूच्या पट्ट्या ठेवा. ओल्या जागेवर कोणतंच निदान होत नाही. कमोड थंड पडून बाहेरून घाम धरतोय का तेही याच वेळी बघा. नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी गार असतं, आत गिझरच्या पाण्याची वाफ असते, आणि टाकीवर थेंब जमून खाली ओघळतात. टाकीच्या सगळ्या अंगाला सारखेच बारीक थेंब असतील तर ती गळती नाही, घाम आहे.

२. जेटपासून सुरू करा. आपल्याकडे कमोडशेजारी जेट असतोच, आणि त्याचा अँगल कॉक कायम चालू ठेवायची घरोघरी सवय. पाईप दिवसरात्र प्रेशरमध्ये राहतो आणि क्रिंपजवळ किंवा वायसरपाशी झिरपायला लागतो. पाणी भिंतीवरून ओघळत थेट बुडाशी. प्रत्येक नटाला टिश्यू गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. टाकीच्या अँगल कॉकला आणि कनेक्शन पाईपच्या दोन्ही टोकांनाही तसंच करा. बोटाला न जाणवणारा थेंब टिश्यूवर लगेच दिसतो.

३. टाकीत रंग टाका. फ्लश न करता वीस-पंचवीस मिनिटं थांबा. बुडाशी रंगीत पाणी आलं तर टाकीचा बोल्ट, वायसर किंवा टाकीच तडकलेली. भांड्याच्या आत रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचं सील गेलंय. त्याने बुडाशी पाणी येत नाही, पण पाणी वाया जातंय, तेही गिऱ्हाईकाला सांगा. जुन्या प्लॅस्टिकच्या टाकीला बाजूने ओव्हरफ्लोची नळी असते. बॉल कॉक बिघडला की ती फरशीवर पाणी सोडते, तीही बघा.

४. बादली आणि फ्लश यांची तुलना करा. ही तपासणी सगळ्यात कामाची. फरशी पुन्हा कोरडी करा. टाकीला हात न लावता अर्धी बादली पाणी भांड्यात एका दमात ओता. मग बूड बघा. पुन्हा पुसा आणि आता टाकीने फ्लश करा.

बादलीने कोरडं आणि फ्लशने ओलं, तर दोष टाकी आणि भांड्याच्या मधल्या जोडात. भिंतीवर वेगळी टाकी असेल तर फ्लश बेंडचं रबर कडक होऊन फाटलेलं असतं, आणि पाणी भांड्याच्या पाठीमागून खाली येतं. मागे आरसा धरा, दिसेल. थोड्या पैशांच्या रबराचं काम आहे.

बादलीनेही ओलं, तर दोष भांड्यात किंवा आउटलेटच्या जोडात. पुढे चला.

५. भांड्यातल्या पाण्यावर खूण करा. भांड्यात रंग टाका, पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि काही तास वापर बंद ठेवा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. फ्लश न करता बुडाशी रंग आला तर भांड्याला चीर आहे. चिरलेल्या भांड्याला एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. ते बदलायचंच.

६. कमोड हलतोय का आणि लाइन तुंबलीय का? दोन्ही हातांनी भांडं अलगद डावी-उजवीकडे दाबा. थोडं जरी डुलत असेल तर खालचा जोड तुटलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे हा जोड बऱ्याच ठिकाणी नुसत्या व्हाइट सिमेंटने भरलेला असतो. सिमेंट लवचिक नाही, भांडं हललं की ते तडकतं. स्क्रू आवळताना जोर लावू नका, चिनी माती फुटते.

मग बादली ओतल्यावर पाणी वर चढून हळू उतरतंय का बघा. तसं असेल तर पुढे चोकअप आहे आणि मागे दबलेलं पाणी जोडातून बाहेर पडतंय. अशा वेळी नवा जोड करूनही उपयोग नाही. आधी चेंबर उघडा, लाइन साफ करा, मग चौथी तपासणी पुन्हा करा.

७. आंघोळीचं पाणी वेगळं काढा. एक दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ आणि कपडे बंद, फक्त कमोड वापरायचा. दुसऱ्या दिवशी उलट. फरशीचा उतार कमोडकडे असला, किंवा नहाणी ट्रॅप केसांनी भरला असला, की आंघोळीचं पाणी कमोडच्या बुडाखाली शिरतं आणि नंतर हळूहळू बाहेर येत राहतं. लोक कमोडला दोष देतात.

आता उचलायचा की नाही?

मागे भिंतीत जाणारा पी-ट्रॅप असेल तर जोड टॉर्च आणि आरशाने दिसतो. खाली फरशीत जाणारा एस-ट्रॅप असेल तर जोड भांड्याखाली झाकलेला असतो. त्यात बादलीने गळती येत असेल, चीर नसेल आणि लाइन मोकळी असेल, तरच कमोड उचला. जुनं सिमेंट खरवडून पाईपचं तोंड साफ करा, रबरी पॅन कनेक्टर बसवा, भांडं पातळीत आणा. बसवल्यावर किमान दहा फ्लश मारून बघा आणि मगच सिलिकॉन लावा. मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडा. पुढे कधी जोड गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल आणि घरमालक वेळेत फोन करेल.

चुकीचं निदान म्हणजे चुकीच्या माणसाला भुर्दंड

फ्लॅटमध्ये हा प्रश्न फक्त पाण्याचा राहत नाही. खालचे काका वरच्या ताईंशी बोलायचे बंद होतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढतो आणि शेवटी सगळे विचारतात, "प्लंबर काय म्हणाला?"

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंकच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाचा. सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती मात्र संस्थेची. म्हणजे डक्टमधला उभा पाईप गळत असताना तुम्ही "कमोडच आहे" म्हणालात, तर एका कुटुंबाची धड बाथरूम उगाच फुटते. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर तिथली कागदपत्रं वेगळी, ती बघायला सांगा. आपलं काम निवाडा करायचं नाही, पाणी कुठून येतंय ते पुराव्यासह सांगायचं आहे. म्हणून प्रत्येक तपासणीचा फोटो काढा, आणि खालच्या घरात जाऊन ओल नेमकी कुठे आहे तेही बघा. रंग खाली उतरायला एक-दोन दिवस लागू शकतात, हे दोन्ही घरांना आधीच सांगून ठेवा.

तपासणीचे पैसे घ्या

"बघायचे कसले पैसे?" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. बघण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आपण फोडण्याचे पैसे मिळवायला जातो. धंद्याचं गणित तिथेच बिघडतं. तपासणीचा दर फोनवरच सांगा, काम तुम्हालाच मिळालं तर तो बिलातून वजा करा, आणि निष्कर्ष व्हॉट्सअॅपवर लिहून द्या. असा:

"नमस्कार काका. आज तपासलं ते असं: जेट, कनेक्शन पाईप कोरडे. टाकी ठीक. बादलीने पाणी ओतल्यावर बुडाशी गळती दिसली, फोटो पाठवलेत. भांडं हलतंय. लाइन मोकळी आहे. भांड्याची चीर तपासायला आज रात्री टॉयलेट वापरू नका, मी सकाळी बघतो. चीर नसेल तर भांडं उचलून नवा कनेक्टर बसवावा लागेल. भोवतालची फरशी फोडायची गरज आत्ता तरी दिसत नाही."

शेवटचं वाक्य नीट वाचा. "आत्ता तरी." जे तपासलं तेवढंच सांगा. न बघितलेल्या गोष्टीची गॅरंटी देऊ नका.

लॉज आणि भक्तनिवासवाल्यांनो, पंचवटी, त्र्यंबकेश्वरच्या खोल्यांना हेच सगळं लागू आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येतोय. गर्दीच्या दिवशी खोली बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. खोलीवार तक्ता करा आणि दुसरी, चौथी, सहावी तपासणी गर्दीआधी उरकून घ्या. प्लंबर मित्रांनो, हाच तक्ता घेऊन तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. वर्षाच्या करारासाठी याहून चांगली ओळख नाही.

या आठवड्यात एक करा: पुढचा "खालून पाणी येतंय" फोन आला की सिलिकॉनची ट्यूब गाडीतच राहू द्या. टिश्यूचा रोल आणि रंगाची डबी घेऊन वर जा.