मेल्यावर उघडणारी शेंग

सिडनीच्या आसपासच्या वालुकाश्माच्या पठारांवर हाकिया सेरिसिया नावाचं झुडूप वाढतं. पुरुषभर ते त्याहून बरंच उंच. पानं म्हणजे गोल, ताठ सुयाच. झुडपात हात घालायची सोय नाही. म्हणूनच छोटे पक्षी तिथे निर्धास्त घरटी बांधतात. हाकियाच्या सुमारे १५० जाती आहेत आणि सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्याच. आपल्याकडे रस्त्याकडेला, बागांत दिसणारा सिल्व्हर ओक याच कुळातला.

हिवाळ्यात पांढरी फुलं येतात, मग टणक शेंगा धरतात. या शेंगेचा इतका बंदोबस्त कशासाठी, ते कळायला आधी माती पाहावी लागते. तिथल्या मातीत फॉस्फरस अगदी कमी. हाकियाच्या मुळांना बारीक मुळ्यांचे दाट झुपके फुटतात. त्यांतून सेंद्रिय आम्लं पाझरतात आणि मातीच्या कणांना धरून बसलेला फॉस्फरस सुटा होतो. असा कष्टाने मिळवलेला फॉस्फरस झुडूप बियांमध्ये भरून ठेवतं. शेंगेत बिया फक्त दोन, काळ्या, प्रत्येकीला एक पातळ पंख. त्या राखण्यासाठी लाकडाची जाड, खडबडीत भिंत. काळे काकाकुवा मात्र भक्कम चोचीने तीही फोडतात.

पिकलेली शेंग फांदीवर वर्षानुवर्षं मिटलेली राहते. तिची कडी पाण्याची आहे. फांदीतून पाणी पोचतं तोवर भिंत ओलसर राहते आणि सांधा घट्ट. पाणी तुटलं की भिंत सुकते, तिचे थर कमीजास्त आकसतात, तो ताण सांध्यावर येतो आणि शेंग शिंपल्यासारखी उकलते. वणव्यात झुडूप मरतं. ते बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. पण जाड भिंतीमुळे आतल्या बिया आगीची झळ सोसतात. पुढच्या काही दिवसांत शेंगा उघडतात, बिया वाऱ्यावर उडतात आणि मोकळ्या झालेल्या राखेच्या जमिनीत पावसाबरोबर रुजतात. आग हे एक निमित्त. नुसती फांदी तोडली तरी शेंगा उघडतात.

दक्षिण आफ्रिकेत हे फार महागात पडलं. एकोणिसाव्या शतकात हे झुडूप तिथे कुंपणासाठी नेलं. बिया खाणारे किडे मायदेशीच राहिले आणि केपच्या डोंगरांवर, फिनबॉस या तिथल्या अनोख्या झुडपी रानात, हाकियाची गच्च जाळी माजली. जाळायला जावं तर दुपटी-चौपटीने उगवणार! मग उपाय निघाला तो शेंगेच्या कडीतूनच. आधी झुडपं तोडायची आणि वर्ष-दीड वर्ष तशीच पडू द्यायची. शेंगा उघडतात, बी पडतं, रुजतं. झाडावर राखून ठेवलेला साठा असा एकदम संपतो, कारण हे बी मातीत वर्षानुवर्षं दडून राहत नाही. रोपांना शेंगा धरायच्या आत तिथे आग लावायची, म्हणजे पुढची पिढीही जाते. उंच कड्यांवर माणूस पोचत नाही. तिथल्यासाठी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून एक सोंडकिडा आणून सोडला. त्याच्या अळ्या हिरव्या, कोवळ्या शेंगा आतून पोखरतात, भिंत टणक व्हायच्या आधीच.