भंगार कीं संग्रह?

आमच्या पोटमाळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तींत जरीचीं वस्त्रें किंवा जुने दस्तऐवज असतील अशी कोणाची समजूत झाल्यास ती चुकीची ठरेल. तींत जुन्या संगणकांचे सुटे भाग आहेत. दर दिवाळीला घर झाडतांना ही पेटी खालीं येते, तिच्यावरून घरांत दोन शब्द होतात आणि ती पुनः वर जाते. हा छंद जडलेलीं माणसें आतां आपल्या शहरांतून बरींच आहेत. तेव्हां त्यांच्या घरच्या मंडळींना हा प्रकार काय आहे, तो कशासाठीं करावयाचा आणि कोठें थांबावयाचें, हें आज सांगावें असें मनांत आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रविद्या मला कोणी शिकविली नाहीं. जें कळलें तें हात पोळून कळलें.

१९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख करून देण्याची एक योजना काढली. आरंभीं सुमारें २५० शाळांना इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीच्या घडणीचीं 'बीबीसी मायक्रो' नांवाचीं यंत्रें मिळालीं. आमची तालुक्याच्या गांवची शाळा त्यांत होती. त्या यंत्राची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट; आज ती एका बऱ्यापैकीं छायाचित्रालाही पुरणार नाहीं. परंतु १९८६ सालीं आमच्या मुलांनीं गांवांतील विहिरींच्या पाण्याची पातळी दर पंधरवड्याला दोरीनें मोजली आणि ते आंकडे त्या यंत्रांत भरून फ्लॉपींवर उतरविले. पुढें दहा वर्षांनीं तीं यंत्रें वजनावर भंगारांत निघालीं. मीं भंगारवाल्याला त्याच भावानें पैसे मोजून एक यंत्र, कांहीं सुट्या चिपा आणि नऊ फ्लॉप्या घरीं आणल्या. छंदाचा आरंभ तो.

अशा मालाकडे भंगारवाला पाहतो तेव्हां त्याला त्यांतील तांबें आणि सोन्याचा मुलामा दिसतो. हौशी धनिकाला त्याची दुर्मिळता दिसते. इंटेल कंपनीनें १९७१ सालीं काढलेली '४००४' ही चिप पांढऱ्या चिनी मातीच्या कवचांत मिळाली तर लोक तिच्यासाठीं चांगला पैसा मोजतात, जरी तिच्यांत अवघे २,३०० ट्रांझिस्टर आहेत. १९७६ सालीं ६६६ डॉलर ६६ सेंटांना विकला गेलेला 'ॲपल-१' २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत ९,०५,००० डॉलरना गेला. हें ऐकून कोणी माळ्यावर चढण्याची घाई करूं नये. आपल्याकडील बहुतेक माल लाखांनीं तयार झालेला. त्याला बाजारांत कुत्रें विचारीत नाहीं. त्याची खरी किंमत निराळी आहे. तो भाग नसला तर एकादें यंत्र मुकें राहतें आणि त्या यंत्राला जें सांगावयाचें होतें तेंही मुकें राहतें.

दुसऱ्या महायुद्धांत ब्लेचली पार्क येथें जर्मनांचे गुप्त संदेश उकलण्यास मदत करणारीं 'कलोसस' यंत्रें युद्धानंतर बहुतेक मोडून टाकण्यांत आलीं, कागदही नाहींसे करण्यांत आले. टोनी सेल या गृहस्थांनीं १९९३ सालीं त्याची प्रतिकृति उभारावयास घेतली, तेव्हां कांहीं अभियंत्यांनीं आज्ञा मोडून जवळ ठेवलेले आराखड्यांचे तुकडे आणि मोडीत निघालेल्या टेलिफोन-केंद्रांतील भाग त्यांच्या कामीं आले. २००७ सालीं यंत्र पुरें झालें. त्या अभियंत्यांच्या घरीं दिवाळीची झाडलोट नव्हती हें जगाचें भाग्यच!

दुसरें उदाहरण तर आमच्याच यंत्राच्या कुळांतलें आहे. विल्यम राजानें १०८६ सालीं इंग्लंडची मोजदाद करविली. तिच्या ग्रंथाला 'डूम्सडे' म्हणतात. त्याला ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बीबीसीनें नवी मोजदाद केली. दहा लाखांच्या घरांत लोकांनीं, त्यांत शाळेचीं मुलें पुष्कळ, आपापल्या गांवची माहिती पाठविली. ती बारा इंची लेसर-तबकड्यांवर साठविण्यांत आली आणि ती वाचावयास एकॉर्नचा संगणक व खास घडविलेलें तबकडी-यंत्र लागूं लागलें. पंधरा वर्षांत हीं यंत्रें मिळेनाशीं झालीं. नऊशें वर्षांचें चर्मपत्र वाचतां येतें, परंतु कालची तबकडी वाचतां येत नाहीं, असा प्रसंग आला! २००२ सालीं लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं नव्या संगणकाकडून जुन्या संगणकाचें हुबेहूब सोंग वठवून ती माहिती पुनः पडद्यावर आणली. परंतु तबकडीवरील मजकूर आधीं उतरवून घ्यावयास जुनें तबकडी-यंत्रच चालू करावें लागलें.

मात्र नुसतें साठविणें म्हणजे जपणें नव्हे. २०१९ सालीं माझा एक जुना विद्यार्थी, आतां अभियंता, घरीं आला. गांवांत पाण्याचें काम निघालें होतें आणि त्याला १९८६ सालचे विहिरींचे आंकडे हवे होते. ते त्यानेंच मोजले होते. मीं मोठ्या दिमाखानें पेटी उतरविली. यंत्राला वीज दिली, आणि पांच मिनिटांत पांढरा धूर व उग्र दुर्गंधी! त्याच्या वीजपुरवठ्यांत कागदी घड्यांचा एक कपॅसिटर असतो. वयोमानानें त्याच्या कवचाला चिरा पडतात, हवेंतील ओल कागदांत शिरते आणि वीज येतांच तो फुटतो. यंत्र बहुधा वांचतें. कपॅसिटर थोड्या पैशांत बदलतां येतो. पण बरींच वर्षें निजलेल्या यंत्राला एकदम वीज देऊं नये, आधीं उघडून पाहावें, हा धडा मला मिळाला.

नंतर कळलें कीं फ्लॉपी वाचण्यास लागणारी '८२७१' ही चिप निकामी झाली आहे. ही चिप त्या काळींही सहज मिळत नसे. माझ्याजवळ तीन होत्या. दोन मीं थर्मोकोलांत टोंचून ठेवल्या होत्या. मला वाटे, काय हा नीटनेटकेपणा! थर्मोकोल घर्षणानें विद्युद्भार धरतो आणि अशा चिपेला एक चटका पुरतो. दोन्ही मेलेल्या निघाल्या. तिसरी, वीज वाहूं देणाऱ्या काळ्या फोमांत राहिलेली, तेवढी चालली. पेटीच्या तळाशीं एका '३८६' संगणकाचा मदरबोर्ड होता. त्याचें घड्याळ चालू ठेवणारी निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी पाझरून तिच्या क्षारानें तांब्याच्या रेषा खाल्ल्या होत्या. अशी बॅटरी आधींच कापून काढावयाची असते. भंगारवाल्यानें जें दोन दिवसांत केलें असतें तेंच मीं केलें. मला वीस वर्षें लागलीं, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींसाठीं: कांहीं चिपांना पाठीवर कांचेची खिडकी असते व तिच्यावर चिठ्ठी चिकटविलेली असते. स्वच्छतेच्या भरांत ती चिठ्ठी खरवडूं नये. उन्हांतील अतिनील किरणांनीं आंतील मजकूर हळूहळू पुसला जातो.

नऊ फ्लॉप्यांपैकीं सहा वाचतां आल्या. तिघींना बुरशीनें खाल्लें होतें. एकतीस विहिरींचे आंकडे मिळाले. त्यांपैकीं कित्येक विहिरी आतां बुजलेल्या आहेत, आणि त्या कोठें होत्या हेंही गांवांत थोड्यांनाच आठवतें.

त्यानंतर मीं दोन दिवस बाहेरच्या खोलींत सारा माल पसरला. प्रत्येक पाकिटावर भागाचें नांव, तो कोणत्या यंत्राचा, चालतो कीं नाहीं आणि शेवटीं केव्हां तपासला, हें लिहिलें. ज्याची ओळख पटेना तें जाणत्यांना दाखविलें. दुहेरी होतें तें मागेल त्याला दिलें. मेलेलें तें ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर पोंचविलें. यंत्र त्या विद्यार्थ्याकडेच राहिलें, त्यांतल्या त्या एकुलत्या चिपेसह. पेटी अद्याप पोटमाळ्यावरच आहे, परंतु ती पूर्वींच्या निम्म्या वजनाची झाली असल्यामुळें येत्या दिवाळीला मला ती एकट्याला उतरवितां येईल.