पितळी पत्रा ठोकताना कडक का होतो?

घरी कानातले बनवायला मी ०.५ मिलिमीटरचा पितळी पत्रा वापरतो. सुरुवातीला तो सहज वाकतो, पण ठोकत गेलं की कडक होतो आणि शेवटी तडकतो. कारण ठोक्यांमुळे आतली स्फटिकरचना विस्कटते आणि अणूंचे थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. अशा वेळी जोर वाढवू नका, पत्रा तापवा. टॉर्चने अंधुक लाल होईपर्यंत तापवला की नवे स्फटिक तयार होतात आणि तो पुन्हा मऊ पडतो. गार झाला की परत ठोका.

मात्र पितळेत तांब्यासोबत जस्त असतं आणि ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. पत्रा फार तापला तर पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला तर थंडी वाजून ताप येऊ शकतो. म्हणून हे काम बंद खोलीत नको, गच्चीवर सावलीत करा. सावलीत लाली नीट दिसते, त्यामुळे कुठे थांबायचं तेही कळतं.