दातृत्वाची लोकरीत : रक्तदानाचा धडा

माणूस उदार का होतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्याच्या स्वभावात शोधले जाते. कोणी मूळचाच दानशूर, तर कोणी हात आखडता घेणारा, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. तथापि एकच माणूस एका प्रसंगी मुक्तहस्ताने देतो आणि दुसऱ्या प्रसंगी पाठ फिरवतो, हाही नित्याचा अनुभव आहे. हा फरक स्वभावाने उलगडत नाही. अशा प्रसंगी इतर लोक काय करतात आणि आपण काय करावे अशी त्यांची अपेक्षा आहे, याविषयीची समजूत, म्हणजेच लोकरीत, दातृत्वाला वळण लावीत असते. रक्तदानाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

अहेर आणि दान

लग्नघरी अहेराची वही असते. कोणी काय दिले याची तीत नोंद होते आणि पुढे त्या घरी कार्य निघाले की त्या मानाने परतफेड केली जाते. हे देणे खरे असले, तरी ते ओळखीच्या वर्तुळात फिरते. रक्ताच्या बाबतीत दीर्घ काळ अशीच रीत होती. रुग्णाला रक्त लागले की नातेवाइकांनी धावपळ करावी आणि रक्तपेढीतून घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात कोणीतरी रक्त द्यावे. ज्याचा गोतावळा मोठा, त्याची अडचण दूर होई. परगावाहून एकट्याने आलेल्या रुग्णाची मात्र कोंडी होई.

या रीतीत आणखी एक धोका होता. आप्ताचा जीव टांगणीला लागलेला असताना रक्त देणारा दडपणाखाली असतो. आपला पूर्वीचा आजार तो लपवू शकतो. शिवाय, नातेवाईक म्हणून पैसे घेऊन रक्त विकणारा उभा राहण्याचीही शक्यता असे. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी दिलेल्या निर्णयानुसार व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत 1 जानेवारी 1998 पासून बंद झाली. जागतिक आरोग्य परिषदेने विनामोबदला, ऐच्छिक रक्तदानाचा पुरस्कार 1975 मध्येच केला होता. परंतु कायदा विक्री थांबवू शकतो. अनोळखी माणसासाठी स्वखुशीने बाही वर सारण्याची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. ते काम लोकरीतीचे आहे.

इतर देतात म्हणून

स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठात विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राच्या आरंभी गरजू विद्यार्थ्यांच्या निधीस वर्गणी देण्याविषयी विचारले जाई. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना असे सांगण्यात आले की, पूर्वी 64 टक्के विद्यार्थ्यांनी वर्गणी दिली होती. इतर काहींना 46 टक्क्यांचा आकडा सांगण्यात आला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या काळातील खऱ्या नोंदींवर आधारलेले होते. मोठा आकडा ऐकणाऱ्यांत वर्गणी देणाऱ्यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. बहुसंख्य देतात हे कळले, की देणे ही स्वाभाविक गोष्ट वाटू लागते.

आपल्याकडील रक्तदान शिबिरांचे मर्म हेच आहे. परंपरेने गुप्तदान श्रेष्ठ मानले आहे आणि दात्याच्या विनयाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु गुपचूप दिलेल्या रक्ताने शेजाऱ्याची भीती जात नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा कारखान्याच्या आवारात सहकारी रक्त देऊन थोड्या वेळाने हसतमुखाने उठलेला दिसला, की पाहणाऱ्याचा संकोच मावळतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त घेतले जाते, ही माहिती भित्तिपत्रकावरही वाचता येते. पण ती पटते डोळ्यांदेखत.

मोबदल्याचा प्रश्न

मग रक्तदात्याला रोख रक्कम दिली तर अधिक लोक पुढे येतील काय? ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील पद्धतींची तुलना करून असे प्रतिपादन केले, की विक्रीमुळे रक्ताची सुरक्षितता आणि परोपकाराची भावना या दोहोंना बाधा येते. स्वीडनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पैसे देऊ केल्यावर रक्तदाते होण्यास तयार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण घटले. पुरुषांत मात्र तसा लक्षणीय परिणाम दिसला नाही. तीच रक्कम धर्मादाय कार्यास देण्याची मुभा ठेवताच स्त्रियांमधील घट नाहीशी झाली. प्रत्येक भेटवस्तूचा परिणाम असाच होतो असे नव्हे. तथापि किमतीचा प्रश्न आला, की दानाचा अर्थ बदलू शकतो, हे ध्यानी घ्यावयास हवे.

रीतीची उणीव

लोकरीत जशी बळ देते, तशी मर्यादाही घालते. शिबिर हे जयंती, उत्सव किंवा वाढदिवसाशी जोडले गेले, की दातेही त्याच दिवशी आठवणीने येतात. रुग्णाची गरज मात्र तिथी पाहून येत नाही. नेहमीच्या पद्धतीने साठवलेले रक्त 35 दिवस आणि विशेष पोषक द्रावणातील तांबड्या पेशी 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर अवघे 5 दिवस. एकाच आठवड्यात अनेक शिबिरे झाली, तर काही साठा वाया जाण्याचा धोका असतो आणि तेच दाते पुढील काही महिने रक्त देऊ शकत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, अनेक कुटुंबे गावी जातात आणि रक्तपेढ्यांना टंचाई भासते. दिवाळीच्या सुटीतही तोच अनुभव येतो. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे शिबिरे थांबली, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. थॅलेसेमियाग्रस्त बालकाला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्याच्या दृष्टीने मे महिना आणि गणेशोत्सव यांत भेद नाही.

पुढील पाऊल

म्हणून आता उत्सवी दानाला नियमित दानाची जोड देणे अगत्याचे आहे. 18 ते 65 वर्षे वयाची, किमान 45 किलो वजनाची निरोगी व्यक्ती वैद्यकीय तपासणीनंतर रक्त देऊ शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी व स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मंडळांनी, कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी जवळच्या रक्तपेढीशी विचारविनिमय करून वर्षाचे वेळापत्रक आखले आणि आपले सभासद टंचाईच्या महिन्यांत वाटून घेतले, तर याच दात्यांकडून अधिक रुग्णांची गरज भागेल.

औदार्य हा केवळ थोर मनांचा ठेवा नव्हे. चार माणसे नेमाने जे करतात, ते पाचव्याला सोपे होते. ज्या गावात रक्त देणे ही मतदानाला जाण्याइतकी साधी गोष्ट होईल, त्या गावातील एकाकी रुग्णालाही आपले कोणी नाही असे वाटणार नाही.