पुळण राखा, वाडी राखा

कोकणात समुद्रकाठी वाडी असलेल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात दुहेरी चिंता असते. भाताची लावणी वेळेवर होईल की नाही, ही एक. आणि आषाढाच्या उधाणात वाडीच्या कडेचा माड उभा राहील की नाही, ही दुसरी. मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. अशा ठिकाणी किनाऱ्याची धूप झाली म्हणजे गावाची जमीनच कमी झाली.

वाळू जाते कोठे?

पुळणीवर वाळूची देवघेव वर्षभर चालू असते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने उठलेल्या उंच, लागोपाठच्या लाटा वाळू ओढून नेतात. ती सर्वच नाहीशी होत नाही. बरीचशी वाळू काठापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी साचते. मोठ्या लाटा त्या बांधावर फुटतात व त्यांचा जोर ओसरतो. पावसाळा संपल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणूनच श्रावणात खचलेली पुळण फाल्गुनात पुन्हा भरलेली दिसते.

हे येणेजाणे बिघडले की खरे नुकसान होते. धरणांत नदीची वाळू अडते. खाड्यांतून ती बांधकामासाठी उपसली जाते. समुद्रात काढलेल्या धक्क्यामुळे काठाने वाहणारी वाळू एका बाजूस साठते व दुसऱ्या बाजूस धूप होते. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे.

बंधाऱ्याची मर्यादा

धूप दिसताच गाव दगडी बंधारा मागते. घरेच धोक्यात असतील तर त्यावाचून गत्यंतर नसते. परंतु भिंतीवर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते आणि बंधारा जेथे संपतो तेथील शेजाऱ्याच्या वाडीची धूप वाढते. रापण ओढण्यास व होड्या लावण्यासही पुळण उरत नाही. म्हणून एका वाडीपुरता विचार न करता संपूर्ण किनाऱ्याची तज्ज्ञांकडून पाहणी करवून घ्यावी व मगच बंधारा बांधावा.

गावाने काय करावे?

पुळणीमागील वाळूच्या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची कणगीच होय. वादळाच्या वर्षी समुद्र त्यांतील वाळू नेतो व मागची वाडी वाचते. ही कणगी बांधकामासाठी रिकामी करणे किंवा वाटेसाठी सपाट करणे म्हणजे आपत्तीस आमंत्रण देणे होय. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनेही या टेकड्यांना संरक्षण दिले आहे.

टेकडीच्या समुद्राकडील अंगास मर्यादवेल वाढू द्यावी. तिच्या पेरांना मुळे फुटतात व वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकून टेकडी वाढते. तिच्यामागे केवडा व उंडी लावावी. केवळ सुरूच्या रांगांवर विसंबू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत उंच झाडे मोठ्या संख्येने कोसळली, हे विसरता कामा नये. रोपे रुजेपर्यंत गुरे व वाहने दूर ठेवावीत आणि पुळणीवर जाण्यास एकच पायवाट राखावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक सोपे काम करावे. पक्क्या विहिरीच्या कठड्यावर खूण करून तेथून भरतीच्या रेषेपर्यंतचे अंतर दरवर्षी दोनदा, पावसाळ्याच्या अखेरीस व फाल्गुनात, उधाणाच्या दिवशी मोजावे आणि ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवावे. पावसाळ्यातील घट फाल्गुनात भरून निघाली तर भयाचे कारण नाही. परंतु फाल्गुनातील अंतरच वर्षानुवर्षे कमी होत असेल, तर वाळू परत येत नाही असे समजावे. अशी वही हाती असलेल्या गावाचे म्हणणे पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे अधिक वजनदार ठरेल, आणि माड पडण्यापूर्वीच उपाय योजण्यास अवधी मिळेल.