नोझल मोठे, तर हिशेबही नवा



उसाचे इथेनॉल शर्यतीच्या गाड्यांतही जळते. अमेरिकेतील इंडीकार शर्यतीच्या टर्बो इंजिनांना २०२३ पासून ब्राझीलमधील उसाच्या टाकाऊ भागापासून केलेले इथेनॉल पुरवले जाते.

टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. हवा दाबली की ती तापते आणि पेट्रोल अवेळी पेटून ठोके देते. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेते. ठोका सहसा येत नाही आणि ताकद वाढवता येते.

मात्र १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त सोडावे लागते. मिनिटाला ६००० फेऱ्या असताना इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत उरकते. एवढ्या वेळात जुना इंजेक्टर पुरा पडत नाही, म्हणून मोठा बसवतात.

फवारणी पंपाचे नोझल बदलले की औषधाचा हिशेब आपण नव्याने करतोच ना? तसेच इथे. गाडीच्या संगणकातील इंधनाची मात्रा आणि ठिणगीची वेळ बदलावीच लागते. इंधन जादा झाले तर सिलिंडरचे ऑइल धुऊन निघते. कमी पडले तर पिस्टन वितळू शकतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की इथेनॉल आपले म्हणून मनाने टाकीत ओतू नका. गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेवढेच टक्के चालवा. इंजिन बिघडले तर बोल इथेनॉलला लागेल, आणि नुकसान अखेर आपल्या उसाचेच.