हिरवळीची फ्रँचाइजी व सातबाऱ्यावरील बोजा

बंगले, गृहसंकुले व उपाहारगृहे यांच्या आवारातील हिरवळ कापणे, तिला खत देणे व तण काढणे हा अमेरिकेत मोठा धंदा आहे. तेथील कंपन्या आपले नाव व कामाची पद्धत ठराविक रक्कम घेऊन दुसऱ्यास वापरावयास देतात. ह्या व्यवस्थेस फ्रँचाइजी म्हणतात. आपल्याकडेही निरनिराळ्या धंद्यांत ही पद्धत रूढ झाली आहे. गवत व माती आपणांस कळते, तेव्हा हे काम सहज साधेल, असे मानून कोणी जमीन तारण ठेवून ह्यात शिरू पाहील, त्याच्यासाठी हा लेख आहे.

प्रथम हे ध्यानात धरावे की, येथे धंद्याची मालकी मिळत नाही. मुदतीपुरती परवानगी मिळते. घेणारा हा मालक नसून खंडकरी होय. रॉयल्टी हा त्याचा खंड, आणि तो बहुधा नफ्यावर नव्हे, तर एकूण विक्रीवर आकारतात. समजा, महिन्याची विक्री १,००,००० रुपये व खर्च ८५,००० रुपये आहे. शिल्लक १५,००० रुपये. शेकडा ८ प्रमाणे रॉयल्टी ८,००० व शेकडा २ प्रमाणे जाहिरात-वर्गणी २,००० रुपये गेल्यावर उरले ५,०००. प्रारंभी ५ लाखांचे कर्ज दरसाल शेकडा १२ व्याजाने ५ वर्षांकरिता काढले असेल, तर मासिक हप्ता सुमारे ११,१०० रुपये पडतो. म्हणजे दरमहा ६,१०० रुपयांची तूट, आणि स्वतःच्या श्रमाचे मोल शून्य!

शिवाय हे काम ऋतूवर अवलंबून असते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात गवताची वाढ थांबते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणीटंचाई आली की हिरवळीचे पाणी आधी तुटते. हप्ता मात्र बारमाही असतो.

अमेरिकेत १९७८ साली झालेल्या व २००७ साली सुधारलेल्या नियमान्वये कंपनीस करारापूर्वी निदान १४ दिवस २३ प्रकरणांचे माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात खर्च, फिया, कज्जे, तसेच चालू व सोडून गेलेल्या धंदेवाल्यांची यादी असते. भारतात फ्रँचाइजीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. सबब ही माहिती आपणच मागून घेतली पाहिजे.

जमीन घेताना आपण फेरफार पाहतो, चतुःसीमा तपासतो. तीच दक्षता येथे घ्यावी. कंपनीचे बोधचिन्ह नोंदलेले आहे काय? आपल्या हद्दीत ती दुसऱ्यास परवानगी देणार नाही, असे लेखी आहे काय? यंत्रे व औषधे तिच्याकडूनच घेण्याची सक्ती आहे काय? करार मोडल्यास अनामत परत मिळेल काय, व वाद कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल? ह्या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, धंदा सोडून गेलेल्या दोघा-चौघांस समक्ष भेटून कारण विचारावे. कंपनी त्यांची नावे देण्यास कचरत असेल, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

कंपनीचे नाव करार संपताच परत जाते. कर्जाचा बोजा मात्र फिटेपर्यंत सातबाऱ्याच्या इतर हक्कांत राहतो. सही करण्यापूर्वी मसुदा घरी आणावा, वकिलास दाखवावा, आणि वडिलार्जित जमीन शक्यतो ह्या व्यवहाराबाहेर ठेवावी, हेच श्रेयस्कर होय.